अठरा गेम

फ्रँकफर्ट
रविवार, ११ मार्च २००७

प्रिय शोभना,

माझे ईमेल तू न उघडताच पुसून टाकतेस हे मला कळलं आहे. वल्लरीने चहाडी केली नाही, मीच तिला खोदून खोदून विचारलं. फोनवर माझा आवाज आला की तू 'तिला दे' एवढंच म्हणतेस. म्हणून हे कागदावर लिहितोय. कागद फाडायला निदान हात उचलावा लागतो, आणि तुला ओळखतो मी, फाडण्याआधी तू वाचणारच.

सोबत आपल्या लेकीचं रेकॉर्ड जोडलं आहे. वहीची झेरॉक्स आहे. वही तीच, अमेरिकेत आपल्या एडिसनच्या वाचनालयाशेजारच्या दुकानातून ती नऊ वर्षांची असताना घेतलेली जाड निळी. पद्धतही तीच: सामना संपला की निकाल मी लिहायचा आणि खाली सही तिने करायची. हरली तरी करायची. व्यावसायिक टेनिस खेळायला लागल्यापासून आजवर सामने ७३, जिंकले ४१, हरले ३२. विजेतेपद एक, ब्राउनश्वाइग, ऑगस्ट २००६. सर्वांत वरचा क्रमांक ३१२. आणि शेवटच्या रकान्यात बघ: रिट., शून्य. सामना अर्धवट सोडला की निकालापुढे 'रिट.' लिहितात, रिटायर्डचं आखूड. इथल्या मुलींच्या रेकॉर्डमध्ये ते जागोजागी दिसतं. कुणाचा घोटा, कुणाची पाठ. वल्लरीच्या नावापुढे व्यावसायिक टेनिसमध्ये एकदाही नाही.

अकरा वर्षांची असताना एकदा झालं होतं, पोटात दुखतंय म्हणून. ते तुला आठवत असेल. गाडीत मी तिच्याशी बोललो नाही आणि घरी आल्यावर 'रिट.' या अक्षरांखाली तिला सही करायला लावली, म्हणून तू दोन दिवस मला जेवायला वाढलं नव्हतंस. पण त्यानंतर एकदाही झालेलं नाही, हे तू कधी मोजलंस का?

इथली गंमत तुला सांगायची राहिली. जिंकलेले गुण बरोबर बावन्न आठवड्यांनी गळून पडतात. म्हणजे गेल्या ऑगस्टमध्ये ब्राउनश्वाइगला जे कमावलं ते या ऑगस्टमध्ये जाणार. ते राखायचं तर तिथेच जाऊन पुन्हा तितकंच जिंकायचं, तेव्हा कुठे माणूस होता तिथे राहतो. वल्लरी म्हणाली, "बाबा, ही ट्रेडमिल आहे." मी म्हटलं, मग पळ.

आपलं ठरलेलं मी विसरलो नाही. सप्टेंबरपर्यंत मुदत. तोवर अडीचशेच्या आत आली नाही तर परत एडिसनला आणि कॉलेजात. त्यांनी तिची जागा दोन वर्षं राखून ठेवली आहे हे तू इतक्यांदा सांगितलं आहेस की मला त्या कॉलेजच्या बाईचं नावही पाठ झालंय.

बाकी ठीक. कंपनीचं काम चालू आहे, खोली उबदार आहे. खोली एकच असल्यामुळे रविवारी तू तिच्याशी बोलतेस तेव्हा मी तिथेच असतो. मुद्दाम ऐकत नाही, कानावर पडतं.

तुझा,
दत्ता


फ्रँकफर्ट
रविवार, २२ एप्रिल २००७

प्रिय शोभना,

उत्तराची वाट बघत नव्हतो, त्यामुळे आलं नाही याचं वाईट वाटलं नाही.

नवीन पान जोडलं आहे. पाच सामने झाले, चार हरलो. नेटवर तू पाहिले असशीलच. नेटवर फक्त आकडे दिसतात, म्हणून कारणं मी लिहितो. पहिल्या सामन्यात वारा होता. दुसऱ्यात समोरची चेक मुलगी डावखुरी. तिसऱ्यात वल्लरी ६-३ अशी पुढे होती आणि मग तिने डोकं घालवलं. चौथ्यातही साधारण तसंच. आता बाहेरची लाल माती सुरू होते आहे. तिचं टेनिस मातीवरचं आहे, मी तिला त्यासाठीच तर इथे आणलं. अमेरिकेत अशी दहा गावं एका ट्रेनच्या अंतरावर सापडणार नाहीत.

उजव्या हाताला थोडी सूज होती. बर्फ लावला, उतरली.

तुला वाटत असेल मी नुसता बसून असतो. सामना चालू असताना खेळाडूला बाहेरून काही सांगायला बंदी आहे, चेअर अंपायर लगेच ताकीद देतो. सगळे कोच बिचारे खुणा करतात, टोपी काढतात, कान खाजवतात. मी काय करतो? मांडीवर वर्तमानपत्र पसरतो आणि मान खाली घालून मराठीत बोलतो. 'खोल मार.' 'घाई नको.' 'दमली आहे ती, पळव तिला.' समोरच्याला वाटतं, हा म्हातारा बातम्या पुटपुटत वाचतोय. जर्मनीतल्या लाल मातीच्या कोर्टाशेजारी मराठी कळणारं आहे कोण? दीड वर्षात एकदाही पकडला गेलो नाही. हसलीस ना? हसली असशील.

वल्लरी हल्ली कमी बोलते. वय आहे. रविवारी तुझ्याशी बोलून झालं की तास-दोन तास भिंतीकडे तोंड करून पडते. तू तिला काय सांगतेस ते मला माहीत नाही, पण सोमवारच्या सरावावर त्याचा परिणाम होतो, एवढं लक्षात घे.

दत्ता


फ्रँकफर्ट
रविवार, ३ जून २००७

शोभना,

तुझं पाकीट मिळालं. पाकिटात माझ्याच झेरॉक्स होत्या, तांबड्या पेन्सिलीने गोल केलेल्या. सहा सामन्यांना गोल.

६-३, १-६, ०-६.
६-४, २-६, ०-६.
७-५, १-६, १-६.

आणि पुढचे तीन तसेच. खाली तुझ्या अक्षरात एक ओळ: 'तिला कुठे दुखतंय?'

पावणेदोन वर्षांत तुझे मला आलेले तीन शब्द. बरं वाटलं असतं, पण प्रश्न असा विचारलास की मी कुणी कसाई आहे. औषधांच्या काउंटरमागे उभं राहून तुला सगळ्यांनाच कुठेतरी दुखताना दिसतं. पहिला सेट जिंकून सामना हरणाऱ्या मुली जगात शेकड्याने आहेत. त्याला स्टॅमिना म्हणतात. त्यासाठी मी तिला आता सकाळी नदीकाठी पळवतो. आकड्यांतून असं काही वाचायला जाऊ नकोस, आकडे माझा प्रांत आहे. इतकी वर्षं त्या वहीत मी काय झक मारली?

इथे श्पार्गेलचे दिवस आहेत, पांढरी शतावरी. जो तो तीच खातो. आमच्या घरमालकीण फ्राउ ह्युबनर परवा बशीभर घेऊन आल्या, वरून लोणी सोडून. मला बेचव लागली, वल्लरीने खाल्ली. इथल्या लोकांसारखा डाव्या हातात काटा धरून खायला शिकली आहे. आता चमचाही डाव्याच हाताने धरते. दातही डाव्या हाताने घासते. मी गमतीने म्हटलं, डावखुरी होणार आहेस की काय, तर हसली नाही.

क्लबच्या सांघिक सामन्यांत ती चौथ्या क्रमांकावर खेळते. क्लब म्हणजे ज्यांनी ही खोली भाड्याने घेऊन दिली ते. त्यांच्यासाठी खेळली नाही तर खोली सोडावी लागेल, तेव्हा खेळावंच लागतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं आहे असं समज.

दत्ता


फ्रँकफर्ट
रविवार, ८ जुलै २००७

प्रिय शोभना,

मागचं पत्र जरा तिखट झालं. टाकल्यावर चुकचुकलो, पण इथली टपालपेटी एकदा गिळलेलं परत देत नाही.

तुझ्या समाधानासाठी आणि थोडं माझ्याही, मनगटाचा एमआरआय काढून घेतला. डॉक्टरांचा अहवाल टपालाने घरी आला. त्याला इथे बेफुंड म्हणतात. काळजीचं काही नाही. पाकिटावर वल्लरीचं नाव होतं, पण टपालपेटीची किल्ली एकच आहे आणि ती माझ्याकडे असते, शिवाय जर्मन तिला येत नाही, मला ऑफिसपुरती येते. त्यामुळे मीच वाचून तिला सांगितलं की सूज आहे, पट्टी बांधून खेळायचं. कागद हरवू नये म्हणून वहीच्या प्लास्टिकच्या कव्हरात आतल्या बाजूला सरकवून ठेवला आहे. मी वस्तू कशा जपतो तुला माहीत आहे.

सप्टेंबरचं तू गेल्या रविवारी फोनवर तिला विचारलंस. खोली एकच आहे, कानावर पडलं. अडीचशेच्या आत आता ती येणार नाही हे मलाही दिसतंय. पण ब्राउनश्वाइगला फायनल गाठली तरी गुण बऱ्यापैकी राहतात, ती साडेतीनशेच्या आसपास टिकते, आणि टिकलेल्या मुलीला घरी नेणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. मग मी तुझ्याकडे आणखी एक वर्ष मागणार. आत्ताच सांगून ठेवतो, मागाहून फसवलं म्हणू नकोस.

मी हे वल्लरीलाही सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे जिंकले तर राहायचं."

मी म्हटलं, "जिंकलीस तर कोण जाईल?"

त्यावर तिने पासपोर्ट मागितला. नुसता बघायचाय म्हणाली. पासपोर्टात बघण्यासारखं काय असतं? दोन्ही पासपोर्ट माझ्या ऑफिसच्या बॅगेत कुलपात असतात, बाहेरगावी गेलो तरी तीच बॅग बरोबर असते. तसं सांगितलं. तिने पुन्हा मागितला नाही. जेवली, भांडी घासली, पट्टी काढून दोरीवर वाळत घातली. अशी समजूतदार मुलगी सगळ्यांना मिळत नाही.

तुझा,
दत्ता


ब्राउनश्वाइग
शुक्रवार, १० ऑगस्ट २००७, संध्याकाळ

प्रिय शोभना,

आज उपांत्यपूर्व सामना जिंकलो. ६-४, १-६, ७-६. उद्या उपांत्य. म्हणजे गुण राखायला एकच सामना उरला. सगळ्यात आधी हे लिहितो, कारण पुढचं वाचून तू हे विसरशील.

तिसऱ्या सेटमध्ये टायब्रेक चालू होता. वल्लरीने पट्टीवरून मनगट दाबून धरलं आणि माझ्याकडे बघितलं. मी वर्तमानपत्र वाचत होतो. म्हणालो, "दुखू दे. हात मोडला तरी चालेल, सोडायचं नाही. मान वर कर." मला घाईत जे सुचलं ते बोललो. असं माणूस बोलतो, त्याचा अर्थ कुणी शब्दशः घेत नाही. तिने मान वर केली आणि पुढचे तीन गुण जिंकली.

माझ्यासमोरच्या बेसलाइनवर एक लाइन अंपायर बाई खुर्चीवर बसल्या होत्या. क्लबची टोपी, काळा चष्मा. या लहान स्पर्धांत क्लबचे सभासदच हौसेने लाइनवर बसतात. मी बोललो तेव्हा त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. लाइन अंपायरने गुण चालू असताना मान वळवायची नसते. मला वाटलं, पुटपुटण्याचा त्रास झाला असेल.

सामना संपल्यावर त्या सरळ माझ्याकडे आल्या. टोपी काढली.

"नमस्कार. मी चारुलता. मूळची कोल्हापूरची, इथल्या एका संशोधन संस्थेत आहे, चौदा वर्षं झाली."

एरवी परदेशात कुणी मराठी बोललं की मी पहिलं त्याचं गाव विचारतो. आज 'अरे वा' सुद्धा तोंडातून निघेना.

"तुम्ही काय काय बोलत होतात ते सगळं मला कळलं," त्या म्हणाल्या, मधूनमधून जर्मन शब्द पेरत. "पहिल्या सेटमधलं खोल मार, घाई नको, त्याचं मला हसू आलं. गेनाऊ, माझे वडीलही बुद्धिबळाच्या पटाशेजारी उभे राहून असंच करायचे. पण शेवटी जे बोललात..."

"ते बोलायची पद्धत असते हो," मी म्हटलं.

"असेल. नियमाने मी चेअर अंपायरला सांगायला हवं होतं. आल्झो, नाही सांगितलं. का नाही सांगितलं ते मलाही माहीत नाही. कदाचित मला जर्मनमध्ये ते वाक्य म्हणायचं नव्हतं."

तेवढ्यात वल्लरी आली. बाईंनी तिच्याकडे वळून विचारलं, "वरण-भात खाऊन किती दिवस झाले गं?" वल्लरीला रडू आलं. वरण-भातावरून रडण्यासारखं काय आहे? मी करतो की अधूनमधून. तिला बाई घरी जेवायला घेऊन गेल्या. मलाही बोलावलं होतं, मी नाही म्हटलं. दीड-दोन वर्षं ज्या भाषेत मी निवांत बोलत होतो ती कुणी ऐकत होतं, हे मला पचायला जड जातंय. आणि रागही आला आहे. कोण कुठली बाई.

रागाच्या भरात आज वही भरायची राहिली. वही तिच्या बॅगेत आहे. बॅग ती घेऊन गेली.

हे लिहिताना लक्षात आलं.

पत्र इथेच थांबवतो.

दत्ता


फ्रँकफर्ट
सोमवार, १३ ऑगस्ट २००७

शोभना,

ब्राउनश्वाइगचं पत्र टाकलं नव्हतं. ते या पाकिटातच घातलं आहे. दोन्ही एकदम वाच, म्हणजे मी कुठवर लपवत होतो ते तुला कळेल.

शुक्रवारी वल्लरी जेवून परत आली आणि सरळ झोपली. शनिवारी सकाळी लॉजच्या नाश्त्याला मी ब्रेड कापत होतो, तेव्हा तिने बेफुंडचं ते पाकीट माझ्या बशीत ठेवलं.

"वही भरायची राहिली होती, म्हणून मीच भरायला काढली," ती म्हणाली. "त्यात हे होतं. चारुलतामावशींनी वाचून दाखवलं. दोनदा."

"दोनदा कशाला?"

"पहिल्यांदा मला वाटलं, त्या चुकतायत."

त्यात काय लिहिलं आहे ते आता तुला सांगतो. मनगटातली कूर्चा फाटली आहे. खेळणं त्याच दिवसापासून बंद करायला सांगितलं होतं. शस्त्रक्रिया लवकर हवी, उशीर केला तर हात कायमचा अधू राहण्याची भीती. तारीख २८ जून. म्हणजे सहा आठवडे तो कागद माझ्याजवळ होता आणि त्या सहा आठवड्यांत मी तिला अकरा सामने खेळवले. मी वाचलं तेव्हाच मला सगळं कळलं होतं. ऑफिसपुरत्या जर्मनचं मी तुला लिहिलं ते खोटं होतं. न कळलेले दोन शब्द मी शब्दकोशात काढून बघितले होते.

मी तिला म्हटलं, चल, आपण नाव मागे घेऊ. शोभना, हे मी म्हटलं असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी म्हटलं, "उपांत्य सामना आहे, बेटा."

ती म्हणाली, "माहितेय. मी खेळणार आहे. तू थांब म्हणेपर्यंत खेळणार. यू डिसाइड."

"हा निर्णय तुझा आहे. तू एकोणीस वर्षांची आहेस."

"माझा असता तर मी मार्चमध्येच थांबले असते. मार्चमध्ये सांगितलं होतं तुला. तू म्हणालास वारा होता."

मग तिने ब्रेडला लोणी लावलं, डाव्या हाताने, आणि पूर्ण खाल्लं.

कोर्टावर तीच जागा होती, बेसलाइनसमोरची. मी मांडीवर वर्तमानपत्र उघडलं नाही. चारुलताबाई त्याच खुर्चीत बसल्या होत्या, या वेळी मान सरळ. फलकावर तिच्या नावापुढे अमेरिकेचा झेंडा होता आणि त्याखाली गतविजेती असं लिहिलं होतं.

पहिल्या गेमनंतर तिने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. दुसऱ्या गेमनंतर पाहिलं. प्रत्येक गेमनंतर ती पाहायची, एक क्षणभर, काही न मागता, आणि जाऊन उभी राहायची. तिचा दोन हातांचा बॅकहँड तुला आठवतो, आपल्या गॅरेजच्या दारावर ठोकून ठोकून बसवलेला. तो आता नाहीच. चेंडू त्या बाजूला आला की एका हाताने नुसता अडवते. मी मनाशी म्हणत होतो, हा एक गेम होऊ दे, मग सांगतो. पुढचा तिच्या सर्व्हिसचा आहे, तो होऊ दे. ५-४ झाल्यावर म्हणालो, आता सेटच आहे, एवढा तर घेऊ दे. तिने पहिला सेट ६-४ घेतला आणि मला आनंद झाला. लाज वाटते लिहायला, पण झाला. मी टाळ्या वाजवल्या. तिने टाळ्या वाजवणाऱ्या माझ्याकडे पाहिलं, आणि मला तुझ्या तांबड्या पेन्सिलीचे गोल आठवले.

दुसऱ्या सेटमध्येही मी गप्पच होतो. तोंड उघडलं की सगळं संपणार होतं, तिचं नाही, माझं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी कोण असणार होतो? आयटीतला एक पन्नाशीचा माणूस, ज्याची बायको फोनवर 'तिला दे' म्हणते. ती वही सोडून माझ्याकडे दुसरं काहीच नाही, शोभना, आणि त्या वहीत मी कुणाला कोंडलं होतं ते मला तेव्हा दिसत होतं. दिसत असूनही मी गप्प होतो.

३-५ झालं. तिची सर्व्हिस होती. तिने चेंडू खालून मारला, लहान मुलं मारतात तसा. लोकांत कुणीतरी हसलं. चेंडू परत आला, तिने रॅकेट पुढे केली आणि रॅकेट हातातून निसटून मातीवर पडली. ती वाकली, डाव्या हाताने रॅकेट उचलली, उजव्या हाताची बोटं एकेक करून मुठीभोवती बसवली आणि पुन्हा लाइनवर जाऊन उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. अठरा गेम पाहिलं होतं, आता पाहिलं नाही.

मी उभा राहिलो. "वल्लरी, पुरे. थांब. बास झालं गं." मान खाली नव्हती आणि आवाज मोठा होता.

चेअर अंपायरने माझ्याकडे बोट केलं आणि माइकवर सांगितलं, "कोचिंग व्हायोलेशन. वॉर्निंग, मिस काम्बेते." खांबेटे कुणालाच नीट म्हणता येत नाही. दोन वर्षं मी तिला बसल्या जागेवरून खेळ, पळ, सोडू नकोस सांगत राहिलो आणि कुणी पकडलं नाही. पकडला गेलो तो थांब म्हटल्यावर.

वल्लरी नेटजवळ गेली आणि समोरच्या मुलीला डावा हात दिला. अंपायरलाही डावा. मग खुर्चीवर बसून तोंडावर टॉवेल घेतला. कोर्टावर जायला मला परवानगी नव्हती. चारुलताबाई उठून तिच्याजवळ गेल्या आणि टॉवेलसकट तिला पोटाशी धरलं. मी कठड्याबाहेरून पाहत होतो.

फ्रँकफर्टच्या गाडीत तिने वही काढून माझ्यापुढे ठेवली. मी लिहिलं: ६-४, ३-५, रिट. तिने खाली सही केली. डाव्या हाताने केली, वेडीवाकडी, नऊ वर्षांची असताना करायची तशी. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "बाबा, अठरा गेम."

"हो," मी म्हटलं.

"मला वाटलं होतं तीन. जास्तीत जास्त चार."

तू मला काही विचारलंस तर एवढंच विचार, आणि उत्तराची वाट बघू नकोस.

पासपोर्ट तिला त्याच गाडीत दिला. बुधवारी, पंधरा तारखेला, दुपारी ती नेवार्कला उतरेल. मी बरोबर येऊ का विचारलं, ती नको म्हणाली. क्लबची खोली या महिनाअखेर सोडतो आहे. वही तिने इथेच ठेवली, मला नको म्हणाली. मी ती कुठे ठेवणार आहे ते मला माहीत नाही.

हे पत्र तिच्याच हाती देतोय. पाकीट चिकटवलेलं नाही. वाटेत तिला वाचायचं असेल तर वाचू दे. बेफुंडही आत आहे, तिकडच्या डॉक्टरांना लागेल. चारुलताबाईंनी त्याच्या मागच्या बाजूला इंग्रजीत लिहून दिलं आहे.

तू जूनमध्ये तीन शब्द विचारले होतेस आणि मी तुला शतावरीचं लिहिलं. उजव्या मनगटात दुखतंय, शोभना. करंगळीच्या बाजूला. मार्चपासून दुखतंय. विमानतळावर ती रॅकेटची बॅग सवयीने उजव्या खांद्यावर घ्यायला जाईल. तिला उचलू देऊ नकोस.

दत्ता